हॉलमधल्या फोनवरून

दीनानाथ : ...म्हणून तीन कोटेशनं घेतली आणि तिन्ही पडताळून पाहिली. सगळ्यात कमी दर या दुसऱ्या कार्डाचा. रॉटरडॅमला उतरलीस की फोनमध्ये घालायचं, येणारे फोन सगळे फुकट. मी इथून तासभर बोललो तरी तुझा एक पैसा कापणार नाहीत. झाला निर्णय.

प्रभा : कुणाचा?

दीनानाथ : नियमाचा. सरकारात आयुष्यभर खरेदी याच नियमानं केली मी. कमी दर त्याला ऑर्डर.

परीक्षित : बाबा, हे टेंडर नाहीये यार. आई तीन महिने ताईकडे चाललीये, ताईच तिथलं सिम घेऊन ठेवेल. आणि बोलायला कॉम्प्युटर आहे ना. मी गुडगावहून येऊन तुम्हाला लॅपटॉप लावून देतो, कॅमेऱ्यात एकमेकांना बघा.

प्रभा : तू येणार कधी? दिवाळीनंतर आज उगवलायस.

परीक्षित : आई, नाइट शिफ्ट असते. आणि इकडे मेट्रो कुठे आलीये अजून? रस्त्याची हालत बघितलीस का?

प्रभा : तुला बोल लावत नाही रे. आहे ते सांगते. आणि कार्डाचं म्हणाल, तर ते मी ठरवून आलेय.

दीनानाथ : कधी?

प्रभा : काल. सेक्टरच्या मार्केटमध्ये तो मोबाइलवाला आहे ना, त्याच्याकडे जाऊन बसले. माझा हाच नंबर तिकडे न्यायचा, त्यावर रोमिंग सुरू करायचं.

दीनानाथ : रोमिंग? अगं, त्यात आलेला फोन उचलला तरी पैसे जातात. तिन्हीत सगळ्यात महाग तेच.

प्रभा : उचलला तर जातात. मी उचलणारच नाहीये.

दीनानाथ : मग नेतेस कशाला?

प्रभा : वाजायला.

परीक्षित : मतलब?

प्रभा : गेल्या वर्षी मी विनयामावशीकडे नागपूरला गेले होते, तेव्हा तुझे बाबा बाथरूममध्ये घसरले. घोट्याचं हाड मोडलं. तुला कधी कळलं?

परीक्षित : तू परत आल्यावर.

प्रभा : मलाही तेव्हाच. रोज फोन करत होते मी. रोज उचलायचे. आत्ताच फिरून आलो, पार्कात पानसे भेटले, दूधवाल्यानं पाणी घातलं, अशा गप्पा. पलंगावर आडवे पडून चालल्या होत्या त्या, मोबाइल कानाला लावून. दार उघडलं तेव्हा पाय टम्म सुजलेला आणि जेवण म्हणून बिस्किटांचे रिकामे पुडे.

दीनानाथ : तुला काळजी नको म्हणून.

प्रभा : केवढी सोय केलीत माझी. त्या दिवसापासून तुमच्या 'ठीक आहे'वर माझा विश्वास उडालाय. राग नाही, पण भीती बसलीये मनात. विमानाची नाही वाटत एवढी वाटते.

परीक्षित : पण मग फोन न उचलून काय होणार?

प्रभा : ऐक. रोज सकाळी चहा झाला की यांनी मला मिसकॉल द्यायचा. मोबाइलवरून नाही, तो उशीवरून डोकं न उचलता देतील. हॉलमधल्या फोनवरून. तिथवर स्वतःच्या पायांनी चालत यावं लागतं. तो वाजला म्हणजे माणूस उठला, चालला, उभा आहे. बाकी मला काही ऐकायचं नाही.

परीक्षित : लँडलाइन. अच्छा.

प्रभा : आता यांचं ते स्वस्त कार्ड. मी त्या मुलाला विचारलं, फोन कुणाचा ते दिसेल का? म्हणाला, आंटीजी, वो घूम के आता है, कभी कोई भी नंबर दिखता है. मग मला कसं कळणार हॉलमधून आलाय की पलंगावरून? माझ्या या नंबरावर घरचाच नंबर दिसतो. त्याचा भाऊ स्वतःचा नंबर असाच दुबईला नेऊन बघून आलाय.

दीनानाथ : म्हणजे तीन महिने माझी हजेरी घेणार तू.

प्रभा : हो. पहाडगंजच्या शाळेत तेच केलं जन्मभर. नुसतं 'हजर' ऐकून कधी खूण केली नाही मी. मान वर करून बघायचे, नाहीतर शेजारचाच ओरडतो.

परीक्षित : बाबा, सही आहे हे. न उचललेला कॉल तर फ्री असतो. म्हणजे तुमच्या नियमानं पण आईचंच कोटेशन सगळ्यात कमी.

दीनानाथ : तू गप्प बस. आणि तिथे पहाट असेल तेव्हा, त्याचं काय?

प्रभा : फोन उशाशी ठेवीन. वाजेल, नंबर बघीन, कूस बदलून झोपीन.

परीक्षित : उशाशी म्हणजे?

प्रभा : तकिये के पास. कठीण आहे बाबा तुझं.

दीनानाथ : आणि मी विसरलो एखाद्या दिवशी?

प्रभा : तर मी खालच्या कुमुदिनीताईंना फोन करीन. किल्ली त्यांच्याकडे देऊन ठेवलीये. त्या वर येऊन दार उघडतील, तुम्ही बनियनवर पेपर वाचत बसला असाल तरी. त्या दिवशी किती का पैसे कापेनात.

दीनानाथ : त्यांना कशाला मध्ये घातलंस?

प्रभा : विसरू नका म्हणजे येणार नाहीत त्या.

दीनानाथ : परीक्षित, बघतोयस ना? मी तीन दुकानं पालथी घातली, आणि हिनं एका फेरीत कारभार उरकला.

परीक्षित : बाबा, तुम्ही दुकानवाल्यांना रेट विचारला. आईनं काम सांगितलं.

दीनानाथ : हं. ...प्रभा, म्हणजे तीन महिने तू माझ्याशी बोलणारच नाहीस?

प्रभा : रविवारी बोलू. हा येईल लॅपटॉप घेऊन. येशील ना रे?

परीक्षित : बिल्कुल. दर रविवारी. पक्का.

प्रभा : आणि कॅमेरा आधी त्यांच्या पायाकडे वळवायचा, मग तोंडाकडे.

दीनानाथ : खरं सांगू का? तू जाऊ नयेस असं वाटत होतं मला. म्हणून तर महिनाभर ही कार्डंच चिवडत बसलो. निर्णय झाला की तिकीट काढावं लागणार.

प्रभा : माहीत आहे मला. तिकीट मागच्याच आठवड्यात काढलंय. देविकाचं पहिलं बाळंतपण आहे, तिला आई हवी. तुम्हीही हवे होतात, पण सोसायटीचं सेक्रेटरीपद सुटत नाही तुमच्यानं.

दीनानाथ : लिफ्टचं काम अर्धवट आहे गं.

प्रभा : असू दे. या आता हॉलमध्ये जाऊन, एकदा करून बघू. दोनदा वाजला की ठेवायचा.

दीनानाथ : आत्ता?

प्रभा : आत्ता. हा आहे तोवर.

(दीनानाथ उठून हॉलमध्ये जातात. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर प्रभाचा मोबाइल वाजतो.)

परीक्षित : दिसतोय, आई. घरचाच नंबर. एक... दोन... अरे, आई, उचलू नको.

प्रभा : हॅलो.

दीनानाथ : उचलायचा नव्हता ना?

प्रभा : अजून कुठे गेलेय मी.