ताईला न सांगितलेलं

ताई : भरदुपारी दारं-खिडक्या लावून बसलायस? आणि ओठांना काय झालं रे? नुसत्या भेगा!

धाकटा : तू अशी न कळवता कशी आलीस?

ताई : कळवलं की तुझं काहीतरी निघतंच. कधी ताप, कधी पाहुणे. पाहुणे कुठले? एकच कप दिसतोय तो मोरीत. ती टोपी काढ आधी.

धाकटा : राहू दे ना.

ताई : काढ म्हणते.

(तो टोपी काढतो.)

ताई : अगं बाई! कान कुठे गेला?

धाकटा : अर्धा कापला. गाठ होती, कॅन्सरची. त्याआधी कपाळावरची काढली, मग हातावरची. एक काढावी तर दुसरी तयार. उन्हामुळे होतं म्हणे. उघड्या डोक्यानं लोकांच्या छपरांवर डांबर ओतत जन्म गेला ना.

ताई : तुझ्याबरोबरचे बाकीचेही छपरांवरच होते की. त्यांच्यात कुणाला झालं?

धाकटा : त्यांना कुणाची किडनी नाही बसवलेली. ती टिकावी म्हणून ज्या गोळ्या घेतो, त्या अंगातली राखणच ढिली करतात. मग जुनं ऊन डोकं वर काढतं.

ताई : म्हणजे माझ्या किडनीपायी.

धाकटा : बघ! हेच म्हणशील, म्हणून सांगत नव्हतो.

ताई : औषध नाही का यावर?

धाकटा : आहे. रोज एक कॅप्सूल. घ्यायला लागल्यापासून एकच गाठ आली, तीही बारीक. पण ओठ फुटतात, डोळे चरचरतात, तळव्यांची सालटं निघतात. बंद करणार आहे मी.

ताई : आणि केलीस तर?

धाकटा : पुन्हा येतील. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलंय, घेताय तोवरच थोपवणार.

ताई : तरी बंद करणार?

धाकटा : कुणासाठी सोलून घ्यायचं, ताई? संध्याकाळी दूध आणायला जातो. दुकानदाराशी बोलायला तोंड उघडलं की ओठ चिरतो, रक्त येतं. तेव्हा लक्षात येतं, आज पहिल्यांदाच बोलतोय.

ताई : मला फोन करायचास.

धाकटा : तू गावभर सांगत फिरायचीस, माझा भाऊ ठणठणीत आहे. ते कसं मोडू?

ताई : वेडा आहेस. ठणठणीत कोण मागत होतं? आजची घेतलीस का?

धाकटा : नाही. जेवणाबरोबर घ्यायची असते.

ताई : मग ऊठ. मीही उपाशीच आलेय.