प्रार्थनेची शिट्टी

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील मुख्याध्यापक आणि पदाधिकारी, आजच्या सत्कारमूर्ती इतिहासाच्या बाई, सहकारी आणि मुलांनो,

मी खेळाचा शिक्षक. माझं भाषण म्हणजे 'सावधान', 'विश्राम' आणि सकाळी प्रार्थना सुरू करायची शिट्टी. तरी आज चार शब्द बोलतो.

बाई स्वेच्छानिवृत्ती घेताहेत, असं आमंत्रणात छापलंय. स्वेच्छा नक्की कुणाची, हे या सभागृहात कुणाला ठाऊक नाही? आपल्याकडे सकाळच्या प्रार्थनेला वर्गशिक्षकांनी रांगांमधून फिरायचं आणि प्रत्येकाचे ओठ हलताहेत ना, ते बघायचं. बाईंच्या वर्गातली एक मुलगी गप्प उभी राहायची. तिच्या घरचा धर्म वेगळा. "तिला म्हणायला लावा," असा संस्थेकडून हुकूम आला. बाई म्हणाल्या, "लेकरू शांत उभं आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात." प्रकरण चिघळलं, आणि आज हा हार.

मी स्टाफरूममध्ये त्यांना समजवायला गेलो होतो. म्हटलं, "बाई, नुसते ओठ तर हलवायचेत. एवढं काय ताणायचं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "सर, रोमचे अधिकारी पहिल्या ख्रिस्ती लोकांना हेच सांगायचे. सम्राटाच्या मूर्तीपुढे चिमूटभर धूप टाका, मनात काय हवं ते ठेवा आणि घरी जा. तेव्हा त्यांच्यातले विचारवंत विचारू लागले, भीतीपोटी केलेली पूजा देवाला हवी तरी कशाला? श्रद्धा काय बळजबरीनं येते?"

"मग सत्ता आल्यावर त्यांनी हे पाळलं?"

"बरेच जण विसरले. शिट्टी हातात आली की विसरायला होतं, सर."

तेव्हा मी हसलो होतो. आता हसू येत नाही, कारण उद्यापासून बाईंचा वर्ग माझ्याकडे आहे. ती मुलगी त्याच रांगेत असेल आणि शिट्टी माझ्या गळ्यात. अध्यक्ष महाराज, माझ्या घरी दोन लेकरं आहेत. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू?

तरी सांगून टाकतो. मी तिचे ओठ बघणार नाही.

कार्यक्रमात आता शेवटची प्रार्थना आहे. माझी श्रद्धा आहे, मी ती म्हणेन. ज्यांना मनापासून म्हणावीशी वाटते, त्यांनीही म्हणावी. फक्त ती सुरू करायची शिट्टी मी इथे टेबलावर ठेवतो.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. आणि एक विनंती. शिट्टी विसरून राहिली, असं समजून कुणी ती मला आणून देऊ नका.