काडीला तेल बराबर हाय

जयभीम, बायांनो. जयभीम, दादांनो. शिवारात हळद काढायची घाई हाय, तरी तुमी सगळे आलात. मंडप भरलाय. मला बोला म्हणले, पण मी कवा अशी उभी राहून बोलले न्हाई. दोन बुकं शिकलेली बाई मी. पण तुमच्या जीपवाल्या मामांचं सांगायचं म्हणलं की हसू येतंच. येऊ द्या. त्यांना रडकं तोंड आवडायचं न्हाई.

तुमचे मामा, माझे मालक. कुरुंदा ते वसमत, काळीपिवळी जीप. तुमच्यातलं कोण बसलं न्हाई तीत? बाळंतिणी बसल्या, नवरदेव बसला. एकदा तर बोकड बसला, अन् माझी पुढची सीट त्याला द्यावी लागली!

वसमतला गाडी थांबायची, पण इंजन चालूच. तुमीच वरडायचे, "ओ मामा, काहून फुकट डिझेल जाळून राहिले?" ते म्हणायचे, "गाडी थांबली, टर्बो न्हाई थांबला, इंजनात हवा कोंबणारा पंखा हाय तो. आत त्याचं चाक तापून गरगर फिरून राहिलंय. लगेच बंद केलं की त्याचं तेल तुटतं. तो बसला तर तू ढकलत नेशील काय?" सकाळी बी तेच. चालू केल्याबरोबर पळवायची न्हाई, आधी वरपर्यंत तेल पोचू द्यायचं. मी म्हणायचे, "माझ्या चहाची एवढी वाट बघत न्हाई तुमी!"

अन् एवढ्या जपणाऱ्या माणसानं काय केलं सांगू? टर्बोच्या तेलाच्या नळीला जरासं पाझरत होतं. मिस्तरीकडं जायचं सोडून यांनी स्वतःच जोडाला गळती बुजवायची पेस्ट थापली. पोळीला तूप लावावं तशी. थोड्याच दिवसांत गाडी शिट्ट्या मारायला लागली, मागून निळा धूर. मिस्तरीनं नळी काढली, तर पेस्टचा गोळा आत जाऊन अडकलेला. इंजनात तेल भरपूर, टर्बोला थेंब न्हाई. मिस्तरी म्हणला, "मामा, गळती बंद केली अन् तेलबी बंद केलं की!" हे घरी येऊन इतके हसले, इतके हसले, की ठसका लागला.

तवापासून सकाळची तेलाची काडी बघायचं काम माझ्याकडं. गाडी थंड असताना काडी काढायची, फडक्यानं पुसायची, परत घालायची, परत काढून बघायची. अन् अंगणातून वरडायचं, "काडीला तेल बराबर हाय!" मोरीतून यांचा आवाज यायचा, "व्हय!" एवढंच.

ते गेले. तुमी सगळ्यांनी खांदा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, काडी पुसली, बघितली, अन् वरडले. सवय हो. मोरीत नळ टपकत होता. मी तशीच काडी धरून उभी. आजबी वरडले. उगं कशाला खोटं सांगू?

मिलिंद म्हणतो, "आई, गाडी विकू. तू पुण्याला चल, एकटी काय करशील?" लेकरू खरं बोलतंय. उभ्या गाडीचं वाटोळं होतं, अन् मला चालवता येत न्हाई. पण मिलिंद, तुझ्या पुण्यात मी कुणाला ओळखते? लिफ्टात बायका मोबाईल बघत उभ्या राहतात. मी "कसं काय बाई" म्हणलं तर दचकतात.

म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते. गल्लीतली ज्योती. उठ गं. हिला यांनीच गाडी शिकवली, लायसन बी काढायला लावलं. तवा गडी म्हणायचे, "मामा, आता हिच्यासंगं गाडी पण माहेरी जाणार काय?" हसा. ज्योती, ही चावी धर. गाडी विकायची न्हाई. तू चालव, मी इथंच राहते. मिलिंद, असा बघू नको रे. सणाला ये, सुनेला आण, तिला बी पुढं बसवू.

आता सगळे उभे राहा. जरा वेळ गप राहू त्यांच्यासाठी. मला तर सवय न्हाई, पण मी बी राहते. कुणाला रडू आलं तर येऊ द्या.

मालक, जयभीम घ्या माझा.