हळदीत नाचणार

फॉर्ममधी आधीच टिक करून ठिवू नका रे, माझं ऐका! ताईच्या लग्नाला कोण कोण येणार हे कळावं म्हणून म्या मोबाईलवर फॉर्म केला आन् 'हळदीत नाचणार' ह्या चौकोनात आधीच टिक मारून ठिवली. ती काढायच्या भानगडीत कोण पडतंय?

हळदीला माईकवाला यादी बघून पुकारायला लागला, "आता ईटचे आबा नाचतील!"

आबा म्हंजे ईट गावचे आमचे चुलते. जन्मात कधी हसले न्हाईत. पण माईकवर नाव निघालं म्हणल्यावर टोपी सावरत उठले आन् लई नाचले. मग सगळेच नाचले. एकटे तेरखेड्याचे मामा रुसून गाडीत जाऊन बसले.

"माझं नाव का न्हाय पुकारलं?"

"मामा, तुम्हीच टिक काढली की!"

"नाचायची काढली. मानाची कुठं काढली?"