सात वाक्यांचं मोल

देवाचं नाव घेऊन झालं, टाळ खाली ठेवलेत, आता माझा प्रश्न झेला! मंडळी, बाजारात सगळ्याला भाव आहे. तुपाला आहे, काजूला आहे, लग्नातल्या जावयाच्या रुसव्यालासुद्धा आहे! मग सांगा — शब्दाला भाव काय? किलोला किती? हसताय कशाला? पुढच्या रांगेतले काका, तुम्ही सांगा. नाही सांगता येत? अहो, मलाही नाही येत! म्हणून तर गोष्ट सांगतो. ऐका!

आजऱ्याच्या बाजूला एक गाव. तिथं विष्णू येसणे नावाचे एसटीतले कंडक्टर. एकतीस वर्षं नोकरी केली. गडी सरळ! प्रवाशाला द्यायला सुट्टे नसले, तर खालच्या स्टॉपवर चहावाल्याकडनं मोडून आणून देणार, पण कुणाचा रुपया ठेवून घेणार नाही. बायको लवकर गेली. एकच मुलगी — रेवती. पोर काही गोड बोलणारी नव्हती, बरं का! गोड बोलणारे पुष्कळ असतात, निवडणुकीत तर घरी येऊन बोलतात! ही नीट बोलायची. ऐकणाऱ्याला समजेल असं.

बारावी झाली. म्हणाली, "आबा, मला पुण्याला जाऊन बिझनेस कम्युनिकेशनची पदवी घ्यायचीय."

"म्हणजे काय गं?"

"कंपनीनं माणसांशी बोलायचं कसं, लिहायचं कसं, अडचण आली तर सांगायची कशी — ते शिकायचं."

तेवढ्यात मेहुणा सदूभाऊ ओसरीवर टपकला. मेहुणे बरोब्बर अशाच वेळी येतात! म्हणाला, "बोलायला शिकायला तीन वर्षं? आणि पाच लाख? दाजी, अहो पाच लाखांत आमची म्हस भाषण करील!"

सगळे हसले. रेवतीही हसली. पण आबांनी पोरीच्या तोंडाकडे बघितलं, आणि ओढ्याकाठचा बारा गुंठ्यांचा तुकडा विकला.

झालं! पोर शिकली, परत आली. गावाजवळच जयवंतशेठचा काजूचा कारखाना. बेचाळीस बायका बी फोडायला, सोलायला. रेवती तिथं ऑफिसात लागली. व्यापाऱ्यांची पत्रं, तक्रारींना उत्तरं, फोन. पगार किती? चौदा हजार! आणि सदूभाऊचा पोरगा दोन वर्षं फिटरचं शिकून एमआयडीसीत बत्तीस हजार घेतोय! त्यानं गाडी घेतली, पेढे आले. पेढा आबांच्या तोंडात विरघळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवताना ते बोलून गेले — "तेवढे पैसे बँकेत ठेवले असते, तर व्याज तरी आलं असतं."

मंडळी, केवढंसं वाक्य! रेवतीचा हात भाकरीवर थांबला. तिनं ताट धुतलं, ओढणी घेतली, कामाला गेली. आबांना वाटलं, हाक मारावी. पण हाक मारून म्हणायचं काय? एकतीस वर्षं त्यांनी "पुढं सरका, पुढं सरका" म्हटलं होतं. माणसाला जवळ बोलवायची सवयच नव्हती!

मग श्रावणात काय झालं? जयवंतशेठनं रेवतीला आत बोलावलं. माणूस वाईट नाही हो. पण बोलताना त्यांचे शब्द अडकायचे, लहानपणापासून. म्हणून चारचौघांत तोंड उघडायची भीती. म्हणाले, "रेवती, कारखाना दिवाळीला बंद करतोय. एक नोटीस लिहून ठेव. शेवटच्या शनिवारी बायका घरी गेल्या की गेटवर चिकटवू. तोवर कुणाला कळता कामा नये. कळलं तर सगळ्या सोडून जातील, आणि हातातली ऑर्डर अर्धी राहील."

रेवतीनं घरी येऊन आबांना सगळं सांगितलं. म्हणाली, "मी शेठना म्हटलं, आत्ताच सांगा. आणि कागदानं नाही, तोंडानं."

आबा म्हणाले, "पोरी, नोकरी तुझीही जाणार. कशाला अंगावर घेतेस? त्यांनी सांगितलं तेवढा कागद लिही नि मोकळी हो."

"आबा, तुमची गाडी घाटात बंद पडली, तर तुम्ही प्रवाशांना न सांगताच उतरून घरी यायचा काय?"

बघा! आबा उठले आणि ताटं मांडायला लागले.

आणि पोरीनं चार दिवस काय केलं माहीत आहे? शेठना कसंबसं राजी केलं, आणि काम सुटल्यावर रोज त्यांच्यासमोर बसली. पत्र लिहिलं तीन पानांचं — खोडून दोन केलं, एक केलं, शेवटी सात वाक्यं ठेवली. ती म्हणून बघताना शेठ अडकले की रेवती म्हणायची, "थांबा. श्वास घ्या. अडकलात तर अडकलात, माणसं थांबतात." शेठ म्हणाले, "शिव्या बसतील मला." ती म्हणाली, "बसतील. मी शेजारी उभी राहीन."

गुरुवार. दुपारची जेवणाची सुट्टी. आबांना घरी राहवेना. स्कूटर काढली, कारखान्याच्या गेटपाशी पेरूच्या झाडाखाली जाऊन उभे राहिले. आतलं अंगण दिसत होतं. बेचाळीस बायका, हात चिकानं काळे पडलेले. समोर शेठ, हातात कागद.

"कारखाना दिवाळीला बंद होणार. तीन वर्षं तोटा आहे. यात चूक तु… तु… तु…"

अडकले! मागं कुणीतरी फिसकन हसलं. शेठ घामाघूम. आबांना वाटलं, संपलं! पण सगळ्यांत जुनी बाई, गोदाक्का, मागं वळून ओरडली, "गप बसा गं! बोला शेठ. आमास्नी घाई न्हाई."

आणि माणसं थांबली! खरंच थांबली!

"…तुमची नाही. हातात एक ऑर्डर आहे, ती पुरी करायला मला तुम्ही हव्या आहात. कुणाला दुसरीकडं काम मिळालं, तर मी अडवणार नाही. जिचं जे निघतं, ते दिवाळीआधी हातात देईन. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

सात वाक्यं! मग गलका झाला. कुणी रडलं, कुणी म्हणालं, "आमच्या पोरांनी खायाचं काय?" शेठ पळाले नाहीत. खाली मान घालून ऐकत राहिले. आणि गोदाक्का रेवतीकडे वळली.

"तुला ठावं हुतं?"

"होतं. चार दिवस."

"आन् चार दिवस आमच्यात बसून जेवलीस?"

"जेवले, अक्का. घास उतरत नव्हता."

गोदाक्कानं पाठ फिरवली. मंडळी, खरं बोललं की टाळ्या पडतात असं तुम्हाला कुणी सांगितलं? पाठसुद्धा फिरते! रेवती तिथंच उभी राहिली. डोळे भरले, पण जागेवरनं हलली नाही. आणि झाडाखाली आबांनी टोपी काढून तोंड पुसलं. आपली पोर काय शिकून आली, ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

कारखाना सुटल्यावर तिला मागं बसवून निघाले. अर्ध्या वाटेत, रस्त्यात मधोमध स्कूटर थांबवली!

"काय झालं आबा? पेट्रोल?"

"न्हाई." मागं न बघता म्हणाले, "मी… त्या दिवशी व्याजाचं बोललो. ते चुकलं माझं."

पाठीवर कपाळ टेकल्यासारखं झालं. "आबा, मागनं ट्रक येतोय."

"येऊ दे," म्हणाले, "त्यालाबी थांबू दे!"

पुढं काय झालं? चमत्कार? नाही हो! अकरा बायका महिन्याभरात गेल्या, बाकीच्या थांबल्या, ऑर्डर पुरी झाली. पुष्कळजणींनी तेवढ्या अवधीत गडहिंग्लजकडे काम शोधलं. सहा-सात जणींना नाहीच मिळालं. शेठनं शब्द पाळला. शेवटच्या दिवशी गोदाक्कानं डबा उघडला आणि म्हणाली, "ये गं, बस." रेवती सात महिने घरी होती, मग कोल्हापुरात एका दवाखान्यात लागली. रोग्याच्या घरच्यांना डॉक्टरांचं बोलणं समजावून सांगायचं. एकोणीस हजार.

सदूभाऊ म्हणालाच, "दाजी, अजून तोट्यातच की तुम्ही!"

आबा म्हणाले, "तोटा हाय. त्या तुकड्याला आज दुप्पट भाव हाय, मला ठावं हाय. पण उद्या परत वेळ आली, तर परत विकीन."

आता तुमच्याकडे वळतो! सुटलो असं वाटलं होय? मंडळी, पोरांच्या शिक्षणाला पगाराची पट्टी लावू नका असं मी म्हणणार नाही — घर चालवायचं असतं, पट्टी लावावी लागते. पण तिच्यात जे मावत नाही, ते नाहीच असं धरून चालू नका! आणि हो, तुमच्यातल्या प्रत्येकाकडे घरातल्या कुणाला तरी सांगायचं राहिलेलं एक वाक्य आहे. सुनेला असेल, भावाला असेल, बापाला असेल. ओळखलंत? मान खाली गेलीच काहींची! आरती घ्या, प्रसाद घ्या, चपला शोधा — स्वतःच्याच! — आणि घरी जाऊन त्या माणसासमोर बसा. जीभ अडकेल, अडकू दे. ज्याचं नाव आपण आत्ता इतका वेळ घेतलं, तोही थांबेल. तुम्ही फक्त बोलायला लागा!