कांदा खाया है

आमच्या आत्याचा अख्खा जन्म बनारसमध्ये गेला, पण तिचं स्वयंपाकघर मराठीच राहिलं. एकदा आमच्या शेरूने पोह्यांसाठी चिरलेला ताटभर कांदा फस्त केला. कांदा म्हणजे कुत्र्याला विषच, म्हणून आम्ही त्याला रिक्षात घालून तडक जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

“डॉक्टरसाहब, इसने कांदा खाया है,” आत्या म्हणाली.

डॉक्टरने ऐकलं ‘कंडा’, म्हणजे शेणाची गोवरी. “कुत्ता है, माताजी. खा लेता है.”

आत्या चिडली. “इसके लिए जहर है. हमारा क्या, हम तो रोज पोहे में डालते हैं.”

डॉक्टर आमच्याकडे बघतच राहिला. मी म्हणालो, “प्याज.” तसा तो ताडकन उठला.

शेरू वाचला. आत्याने आभार म्हणून डॉक्टरला पोहे नेऊन दिले. त्याने ते आधी हुंगून पाहिले.