रक्तदात्यांचे पुसलेले नंबर

अरे, सिरुसेरीच्या सॉफ्टवेअर ऑफिसात एकदा माझ्या हातून एका रक्तपेढीच्या डेटाबेस टेबलमधले जुन्या रक्तदात्यांचे फोन नंबर पुसले गेले. घाबरून मी कालचा बॅकअप थेट त्याच टेबलवर चढवायला निघालो. आमच्या सीनियर सरोजा मॅडम तंजावरकडच्या मराठी. त्या ओरडल्याच, "अय्यो, थांब रे! आज सकाळी नोंदवलेले दाते त्यात आहेत का?"

नव्हते.

"मग थेट चढवलास तर ते पुसले जातील. बॅकअप वेगळ्या टेबलमध्ये उतरव, आणि तिथून फक्त नंबर इकडे आण."

तसंच केलं. नंबर परत आले, सकाळची नावंही शाबूत राहिली. मी विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

त्या हसल्या. "कुणीच नाही. पहिल्या नोकरीत मी बॅकअप थेट चढवला होता."